धाकटीची खोड

"वा," अभिनंदन म्हणाला.

ऑपरेशन थिएटरमध्ये त्याच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. इतकी वर्षं मी त्याच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिले, दुर्बीण धरली, तेव्हा मला "जरा वर", "लेन्स पूस" आणि "मध्ये येतेयस" एवढंच मिळालं. हा 'वा' मिळाला छताला टांगलेल्या एका पांढऱ्या यंत्राच्या हाताला.

"बघितलंस?" मास्कआडून तो मला म्हणाला. "मी सांगायच्या आधी तिनं फ्रेम दिली."

'तिनं' म्हणाला. मी नीट ऐकलं.

कंपनीनं त्या हाताला अक्षरं आणि आकडे जोडून कसलंसं नाव दिलं आहे. ते कुणी घेत नाही. आमच्या थिएटरच्या सलोमी सिस्टर आम्हा दोघांच्याही आधीपासून तिथे आहेत. त्यांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं बारसं करून टाकलं, धाकटी. म्हणजे मी आपोआप थोरली झाले. सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन चेहरा धुताना मात्र हसू येईना.

मी डॉ. प्रणोती मगदूम, नाक-कान-घसा. अभिनंदन मगदूम माझा नवरा, मेंदूचा सर्जन. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, पण नाकातून कवटीच्या तळाशी जाणारी नवरा-बायकोची जोडी आमची एकच. निपाणीपासून पंढरपूरपर्यंतचे पेशंट त्यासाठी येतात. निदान धाकटी आली त्या हिवाळ्यापर्यंत तरी जोडीसाठी येत होते.

मेंदू जिच्यावर टेकलेला असतो ती हाडाची फरशी म्हणजे कवटीचा तळ. नाकाच्या अगदी मागे ती सुरू होते. पूर्वी तिथली गाठ काढायची तर कवटी उघडून मेंदू बाजूला सारावा लागायचा. आता आम्ही नाकपुडीतून आत जातो. बारीक दुर्बीण घालायची, मागची हाडाची पोकळी उघडायची, तिची पातळ भिंत ड्रिलनं झिजवायची, की समोर पिट्युटरी ग्रंथीची जागा येते. वर डोळ्यांच्या नसा असतात. दोन्ही बाजूंना मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरॉटिड, बारीक पेन्सिलीएवढ्या जाड आणि सतत उडणाऱ्या. त्यातली एक फाटली तर थिएटरमधल्या कुणाच्याही हातात फारसं काही उरत नाही.

यात दोन नाकपुड्या आणि चार हात असतात. रस्ता मी करायचा, दुर्बीण मी धरायची, गाठ त्यानं काढायची, आणि नाकातल्याच पातळ पडद्याचा तुकडा फिरवून शेवटी दार मी बंद करायचं. बाहेरून एक टाका दिसत नाही. दोघांची हत्यारं एवढ्याशा जागेत एकमेकांना न लागता फिरायची, तर समोरच्याचं मनगट आपल्या मनगटासारखं कळावं लागतं.

आणि त्याचं मनगट मला कळत होतं. अभिनंदनचा हात भागात नावाजलेला आहे, ते खरंच आहे. पण गाठ निघाली, मोठं काम संपलं आणि कोपऱ्यात शेवटचा कण उरला, की तो अधीर होतो. श्वास धरतो, आणि खरवडायची क्युरेट बाहेरच्या अंगाला वळवतो. पडद्यावर उजवीकडे, म्हणजे पेशंटच्या डाव्या कॅरॉटिडकडे. हे त्याला ठाऊक नाही. आम्ही नव्यानं एकत्र काम करायला लागलो तेव्हा मी ते पाहिलं आणि विचार न करता दुर्बिणीची दांडी मध्ये घातली. क्युरेट तिला लागून थांबली.

"मध्ये येतेयस," तो म्हणाला.

"सॉरी," मी म्हणाले.

तेव्हापासून तसंच चालत आलं. त्यानं श्वास धरला की माझी दांडी उजवीकडे झुकायची, तो "मध्ये येतेयस" म्हणायचा, मी "सॉरी" म्हणायचे. त्याच्या लेखी ती माझी खोड होती. चारचौघांत सांगायचा, "बायको उत्तम आहे, फक्त शेवटी शेवटी मध्ये येते." मी ऐकून घ्यायचे. एक तर ज्याला स्वतःच्या हाताची शंका आली त्याचा हात थरथरतो. आणि दुसरं खरं कारण असं, की मला ते आवडायचं. त्याच्या हाताचा तेवढा एक कोपरा जगात फक्त माझ्या मालकीचा होता.

धाकटी आली ती माझ्याच जिवावर. आमच्या सगळ्या ऑपरेशनांच्या चित्रफिती कंपनीनं तिला दाखवल्या. दुर्बीण कधी पुढे गेली, कधी मागे आली, सर्जनचं हत्यार कुठे होतं तेव्हा कॅमेरा कुठे होता, हे पाहून पाहून ती माझा हात शिकली. चित्रफितींना आवाज नव्हता. तिनं फक्त हालचाली पाहिल्या. ती दमत नाही, तिची लेन्स धुरकट होत नाही, तिला पाळीचा त्रास नाही आणि गरम व्हायला लागलं म्हणून ती ए.सी. वाढवायला सांगत नाही. रस्ता केला की मी मागे सरायचं, मग ती आणि तो. शेवटी दार बंद करायला मला हाक. स्वयंपाक करून वाढपाच्या वेळी बाहेर बसवलेल्या बाईसारखी माझी गत झाली होती.

पण पहिल्याच महिन्यात एक गंमत झाली. शेवटचा कण उरला, अभिनंदननं श्वास धरला, आणि धाकटी उजवीकडे झुकली. क्युरेट तिच्या दांडीला टेकली.

मला इतका आनंद झाला की मास्क होता म्हणून निभावलं. पोरीनं घेतलं होतं माझं सगळं, आत दडवलेलंसुद्धा.

"अरे, तुझी खोड हिच्यातही उतरली," अभिनंदन म्हणाला. "इरफान, हे काढून टाकता येईल?"

इरफान सतारमेकर हा कंपनीचा इंजिनिअर, मिरजेचाच. घरात सतारी आणि तानपुरे बनतात, हा एकटा यंत्रांत शिरला. त्यानं संगणकावर पाहिलं. "येईल सर. या हालचालीनं चित्र बिघडतं, फायदा काहीच दिसत नाही. पुढच्या अपडेटमध्ये साफ करून टाकतो."

साफ करून टाकतो म्हणाला, डाग असल्यासारखं. मी पेशंटचं दार बंद केलं आणि हातमोजे काढून बाहेर गेले.

त्याच आठवड्यात मालन ऐवळे ओपीडीत आली. एसटीची ड्रायव्हर, जतची गाडी चालवणारी, दणकट बाई. खुर्चीत बसताना टेबलाचा कोपरा तिच्या कोपराला लागला. तिला तो दिसलाच नव्हता.

"डॉक्टर, म्होरचं समदं दिसतंय बघा," ती म्हणाली. "कडंचं न्हाई दिसत. परवा स्टँडात गाडी लावताना दोन्ही आरसं घासलं. माझा चाळीस वर्सांचा कंडक्टर मास्तर हसला, म्हणला, मालन, आता बैलगाडी चालीव."

स्कॅनमध्ये पिट्युटरीची मोठी गाठ होती. खालून डोळ्यांच्या नसांवर दाबत होती म्हणून दोन्ही बाजूंची नजर गेली होती. डाव्या अंगाला गाठ कॅरॉटिडला चिकटून थोडी तिच्याभोवती वळलेली होती. मी स्कॅनकडे पाहत राहिले. शेवटचा कण कुठे उरणार ते मला तिथेच कळलं.

"नाकातनं मशीन घालनार म्हनं," मालन म्हणाली. "आनि तुमी?"

"मीही असेन."

"आत असशीला न्हवं? मशीनला काय, बटन दाबलं की झालं. बाईमानूस जवळ असलं की बरं वाटतंय."

"असेन आत," मी म्हटलं.

तिचं ऑपरेशन सोमवारी ठरलं. अपडेट त्याआधीच्या शनिवारीच झालं.

रविवारी आम्ही दिवस असतानाच जेवतो. मगदुमांच्या घरची रीत आहे, सूर्य मावळायच्या आत ताट उचललेलं हवं. ऑपरेशनच्या दिवशी जमत नाही म्हणून अभिनंदन रविवारी हट्टानं पाळतो. भाकरी मोडता मोडता तो धाकटीचंच पुराण लावून बसला होता. ती किती स्थिर आहे, तिला काही सांगावं लागत नाही, आणि आता तिचं उजवीकडे झुकणं गेलं, उद्या कसं मोकळं मोकळं वाटेल.

"ते झुकणं परत बसवायला सांग," मी म्हटलं.

"का?"

मग मी सांगितलं. शांतपणे सांगायचं असं दुपारपासून ठरवलं होतं, पण तो "मोकळं वाटेल" म्हणाल्यावर माझं डोकं फिरलं आणि सगळं चढ्या आवाजात बाहेर पडलं. तुझं मनगट वळतं, मी अडवते, म्हणून आजवर निभावलं. ती माझी खोड नव्हती, मी मुद्दाम मध्ये येत होते.

त्यानं घास खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, आणि चेहऱ्यावर कीव आली.

"प्रणोती, तू जळतेस तिच्यावर."

"हो, जळते. म्हणून खोटं बोलते असं होत नाही."

"आजवर एकदाही मला दिसलं नाही, सिस्टरांना दिसलं नाही, नेव्हिगेशनच्या नकाशावर दिसलं नाही. आणि तुझी जागा गेल्यावर तुला आठवलं?" तो उठला. "ज्या कामात तू लागत नाहीस तिथे तुला हे असं काहीतरी लागतंय. मला कळतं ते. पण उद्या पेशंट आहे."

बाहेर अजून उजेड होता. मी ताटं आवरली. सर्वांत जास्त राग याचा आला, की तो निम्मा बरोबर होता. खरी गोष्ट माझ्या तोंडून निघाली आणि मत्सरासारखी वाटली, कारण मत्सर होताच. इरफानला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, सरांनी लेखी सांगितलंय, तुम्ही दोघं बोलून घ्या ना." आम्ही बोलून घेतलं होतं.

सोमवारी मालनला टेबलावर घेतलं. भूल चढण्याआधी तिनं मान वळवून मला शोधलं. कडेला उभी असलेली मी तिला दिसेना, म्हणून समोर जाऊन उभी राहिले.

रस्ता मी केला. हाड उघडण्याआधी नेहमीप्रमाणे डॉपलर लावला. ती एक बारीक सळई असते, टोक रक्तवाहिनीवर टेकलं की आतून वाहणारं रक्त स्पीकरवर ऐकू येतं. दोन्ही कॅरॉटिड कुठे आहेत ते ऐकून घेतलं, सळई ट्रेमध्ये ठेवली आणि मागे झाले. धाकटी खाली उतरली.

खोटं कशाला बोलू, काम देखणं चाललं होतं. गाठ मऊ होती, तुकड्यातुकड्यानं निघाली. गाठीनं वर ढकललेला मेंदूकडचा पातळ पडदा खाली उतरला, डोळ्यांच्या नसा मोकळ्या झाल्या. "वा," अभिनंदन म्हणाला. मी मोजत नव्हते, पण ऐकत होते. मग पडद्यावर उजव्या कोपऱ्यात तेवढा कण उरला. त्यानं क्युरेट बदलली. श्वास धरला.

धाकटी जागची हलली नाही. तिनं त्याला स्वच्छ, सरळ, सुंदर चित्र दिलं, आणि त्याचं मनगट वळायला लागलं.

एक क्षण मला वाटलं, होऊ दे. एकदा होऊ दे, म्हणजे कळेल त्याला, त्याचं ते मोकळं मोकळं कसं असतं. त्याला माझी आठवण येईल, तो मान वळवेल आणि मी तिथे असेन. हे मला वाटलं. मग समोर मालनचे कापडाबाहेर आलेले पाय दिसले, गाडी चालवून टाचांना भेगा पडलेले, आणि मला स्वतःची लाज वाटली.

"सिस्टर, डॉपलर," मी म्हटलं आणि दुसऱ्या नाकपुडीतून सळई आत सारली.

धातूला धातू लागला. क्युरेट थांबली.

"मध्ये येतेयस," अभिनंदन म्हणाला. पडद्यावरची नजर त्यानं काढलीही नाही. सवयीनं म्हणाला.

मी सॉरी म्हटलं नाही. सळईचं टोक त्याच्या क्युरेटच्या धारेसमोर टेकवलं आणि पायानं स्पीकर चालू केला.

सगळं थिएटर त्या आवाजानं भरलं. सूंऽ, सूंऽ, सूंऽ. मालनची कॅरॉटिड, त्याच्या धारेपासून तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर.

भूलतज्ज्ञ उभे राहिले. अभिनंदननं क्युरेट मागे घेतली, पण हात हवेतच राहिला.

"नेव्हिगेशन अजून जागा दाखवतंय," तो म्हणाला. स्कॅनवर हत्याराची जागा दाखवणाऱ्या पडद्याकडे त्यानं मान वळवली.

"नेव्हिगेशन सकाळचा स्कॅन बघतंय. गाठ निघाली, भिंत आत सरकली. एवढा कण राहू दे, रेडिएशननं जाईल."

त्यानं कण राहू दिला. मी दार बंद केलं. मग कपडे बदलायच्या खोलीत गेले.

तिथे तो चहाचा कप हातात धरून बसला होता. चहावर साय धरली होती.

"दर वेळी?" त्यानं विचारलं.

"दर वेळी नाही. शेवटचा कण काढताना, अधीर झालास की."

"मला सांगितलं का नाहीस?"

"रविवारी सांगितलं."

"त्याआधी."

"त्याआधी ते माझं होतं," मी म्हटलं.

त्याला काय समजलं ते त्याला माहीत. तो उठला आणि इरफानच्या खोलीत गेला. दोघं जुन्या चित्रफिती लावून बसले. माझी दांडी झुकते, क्युरेट थांबते. पुन्हा झुकते, पुन्हा थांबते. मी दारातून पाहिलं. नवरा पडद्याकडे असा बघत होता की आमच्या लग्नाच्या चित्रफितीतसुद्धा त्यानं माझ्याकडे तसं बघितलेलं नाही.

"मॅडम, माझं चुकलं," इरफान नंतर म्हणाला. "अब्बा सतारीच्या घोडीवर, तारा टेकतात त्या पट्टीवर, जवारी काढतात. तारेखाली किंचित वाक ठेवतात. कुणी म्हणालं, हा वाक घासून सपाट करा, तर सतार मुकी होते. मला हे घरात कळतं आणि ऑफिसात कळलं नाही."

मालनची नजर चौथ्या दिवशी कडेपर्यंत आली. तपासायला गेले तर ती पलंगावर बसून दोन्ही हात कानांपाशी नेऊन बोटं हलवत होती.

"दिसत्यात की," ती म्हणाली. "आता मास्तराचं त्वांड बगायचं हाय."

सगळे खूश होते. अभिनंदननं धाकटीचं झुकणं परत बसवायला सांगितलं. इरफाननं नुसतं परत बसवलं नाही, सुधारलं. आता ती झुकते तेव्हा चित्रही बिघडत नाही. शिवाय आता ती कारण ओळखते. श्वास, मनगट, भिंतीचं अंतर, सगळं बघते आणि कुठल्याही सर्जनसाठी झुकते. पुढच्या महिन्यात नागपूर, इंदूर, हुबळीच्या थिएटरांत तिच्या बहिणी लागणार आहेत. कागदोपत्री त्या झुकण्याला माझं नाव द्यायचं म्हणत होते. मी नको म्हटलं. माझ्या नवऱ्याचा एक कोपरा माझ्याकडे होता. तो मीच उघड केला आणि तिच्या पदरात टाकला. पेशंट वाचला, नवरा वाचला, मग मी का जळावं, असं मी स्वतःला रोज विचारते. जळणं काही थांबत नाही.

परवा पुन्हा तसंच ऑपरेशन होतं. कोल्हापूरचे एक निवृत्त गृहस्थ. रस्ता करून मी मागे झाले. गाठ निघाली, कण उरला, अभिनंदननं श्वास धरला. धाकटी अलगद उजवीकडे झुकली. क्युरेट तिला टेकून थांबली.

मी "मध्ये येतेयस"ची वाट पाहत होते. ते आलं नाही.

"सॉरी," अभिनंदन म्हणाला.

यंत्राला म्हणाला. लग्न झाल्यापासून थिएटरमध्ये, घरात, गाडीत मला कधी न मिळालेला तो शब्द त्यानं त्या पांढऱ्या दांडीला दिला, हळू आवाजात, नजर पडद्यावर ठेवून.

"मॅडम, तुमालाच म्हनले ते," सलोमी सिस्टर कानाशी कुजबुजल्या.

"माहीत आहे," मी म्हटलं. मला माहीत होतं. म्हणून जळायचं थोडंच थांबतं.

त्यानं हत्यारं ठेवली आणि दार बंद करायला मला बोलावलं. बोलावताना माझ्याकडे पाहिलं. मास्कवर डोळे तेवढे दिसत होते आणि ते खाली वळले. मी पुढे झाले. धाकटी अजून तिच्या जागी, पेशंटच्या नाकाशी वाकून उभी होती. मी तिला धरून बाजूला सारलं, हवं त्यापेक्षा जरा जोरात.

"मध्ये येतेयस," मी म्हणाले.

ती सॉरी म्हणाली नाही. चित्रफितींना आवाज नव्हता, म्हणून तेवढं तिच्याकडे गेलेलं नाही. मी दुर्बीण हातात घेतली आणि पेशंटचं दार बंद करायला लागले. शेजारी अभिनंदन उभा होता, माझ्या खांद्याला खांदा लागेल इतका जवळ. हे तिला शिकवा म्हणत इरफान कितीही वेळा आला, तरी मी शिकवणार नाही.